हलकेपणाचा हिशेब

ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, शीरखुर्म्याची वाटी हातात आली, तोच आमचा भाचा आम्हाला हाताला धरून दारात घेऊन गेला. दारात त्याची मोटारसायकल उभी होती. मागचा मडगार्ड नाही, दोन्ही आरसे नाहीत, साखळीचे कव्हर नाही, साडीगार्ड नाही. 'मामू, गाडी हलकी केली. आता कशी पळते बघा!' आतून बहिणीचा आवाज आला, 'भाईजान, तुम्हीच काहीतरी सांगा त्याला.'

सणाच्या दिवशी पोराला काय रागवायचे? बहिणीच्या घराला लागूनच फॅब्रिकेशनचे दुकान आहे. ग्रील, शटर, लोखंडी खाटा असे काम चालते. तिथल्या वजनकाट्यावर आम्ही त्याने काढलेले सगळे भाग ठेवायला लावले. भरले पावणेपाच किलो. मग विचारले, संध्याकाळी मागे कोण बसते? दोन मित्र बसतात. त्यांचे वजन सव्वाशे किलो तरी असेल. पोरगा हसला, पण हरला नाही. म्हणाला, 'रेसच्या गाड्या हलक्याच असतात ना, मामू?'

असतात. मुद्दा त्याचा खोटा नव्हता. त्या दुपारी त्याला जे सांगितले ते, आणि नंतर वाचून पाहून जे जोडले ते, येथे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न एका भाच्याचा नाही. गॅरेज, वेल्डिंग, पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग ही कामे आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी आहे आणि आपल्या पोरांच्या हातांना लोखंडाची ओळख लहानपणीच होते.

सुरुवात आम्ही बार्शीपासूनच केली. 'लाईट' हा शब्द या गावाला नवा नाही. बार्शी लाईट रेल्वे म्हटले की जुन्या माणसांना अजून ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी आठवते. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात उमेदवारी करून तो शिकला आणि १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण मोठ्या गाडीचा फाटा लांब. तिथपर्यंत स्वस्तात रेल्वे कशी आणायची हा विचार त्याने वर्षानुवर्षे धरून ठेवला. शेवटी १८९५ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली आणि १८९७ साली कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीत गाडी आली.

कॅलथ्रॉपची युक्ती वजनाची होती. गाडी एकूण किती जड आहे याने रूळ मोडत नाही, एका ॲक्सलवर किती भार येतो याने मोडतो. म्हणून त्याने ठरवले की इंजिन असो, डबा असो वा मालवाघिण, कोणत्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. इंजिनाला आठ चालती चाके आणि मागे आणखी चार दिली, म्हणजे भार सहा ॲक्सलवर वाटला गेला. मालवाघिणींच्या चौकटी जाड लोखंडाऐवजी दाबून वाकवलेल्या पोलादी पत्र्याच्या केल्या. वाघिणीचे स्वतःचे वजन घटले की तेवढाच जास्त माल. रूळ हलके चालले, पूल हलके चालले, खर्च आवाक्यात आला. पुढे हीच गाडी लातूरला, पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा या एका हिशेबावर उभा होता.

भाच्याला हे आवडले, पण त्याला पळणारी गाडी हवी होती. तेव्हा आम्ही त्याला लोटसची गोष्ट सांगितली.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या परिसरातला मुलगा, १९२८ चा जन्म. वडील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. चॅपमन युनिव्हर्सिटी कॉलेजात इमारती आणि पुलांचे इंजिनिअरिंग शिकला. मोटारींचे नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिकताना जुन्या मोटारी घेऊन विकायचा धंदा करायचा. युद्ध नुकतेच संपले होते, इंग्लंडात पेट्रोल रेशनवर मिळे. १९४८ मध्ये त्याच्याकडे एक म्हातारी ऑस्टिन सेव्हन उरली. तिचा वरचा सांगाडा काढून त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बसवली. हे काम हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांच्या बंद गॅरेजात झाले. पुढे हेझल त्याची पत्नी झाली. कंपनी काढण्यासाठी पहिले २५ पौंडही तिनेच उसने दिले. मोठमोठ्या कारखान्यांच्या मुळाशी घरातल्या बाईची अशी बचत किती वेळा सापडते! १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली ती वडिलांच्या हॉटेलामागच्या घोड्यांच्या जुन्या तबेल्यात.

त्याआधीची एक गंमत सांगायलाच हवी. इंग्लंडात जुन्या ऑस्टिन सेव्हनवर शर्यती घेणारा गरिबांचा क्लब होता. नियम कडक, इंजिन तेच वापरायचे. त्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत जाण्याची तोंडे दोनच. दोन-दोन सिलिंडर एकाच तोंडातून ओढायचे आणि एकमेकांचा घास हिरावायचे. चॅपमनने प्रत्येक तोंडात मधोमध पडदा घालून दोनाची चार केली. गाडी इतकी पळू लागली की पुढे क्लबाने नियम करून ती युक्तीच बंद केली. पैसा लागला नाही, डोके लागले.

१९५२ मध्ये त्याची मार्क सहा आली. त्या काळच्या मोटारीचा पाया म्हणजे शिडीसारखे दोन जाड लोखंडी दांडे आणि मध्ये आडवे तुकडे. चॅपमनने दांडेच काढून टाकले आणि बारीक पाइपांचा एक पिंजरा केला. बार्शीच्या मार्केट यार्डात शेडखाली उभे राहून वर पाहा. पत्र्याचे एवढे मोठे छत बारक्या अँगलच्या कैचीवर तोललेले असते. कैचीत सगळे त्रिकोण असतात. चौकोन कोपऱ्यातून ढकलला की तिरका होतो, तिरपी पट्टी मारली की जागचा हलत नाही. ग्रील बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराला हे हाताने माहीत असते. त्यामागचे कारण असे की त्रिकोणातल्या पाइपावर फक्त ताण येतो किंवा दाब येतो, तो वाकवला जात नाही. पाइप वाकण्यात कमजोर असतो, ओढण्यात आणि दाबण्यात जबर असतो. तेव्हा प्रत्येक पाइपाला त्याच्या ताकदीचेच काम द्यायचे. पुलांचे शिकलेल्या मुलाने मोटार म्हणजे चाके लावलेला पूल असे धरले. मार्क सहाचा नुसता पिंजरा सुमारे २५ किलोंचा होता.

त्याचेच पुढचे रूप म्हणजे १९५७ ची लोटस सेव्हन. दारे नाहीत, छप्पर म्हणजे कापड, पुढचे मडगार्ड सायकलसारखे, बसायला दोन जागा, त्याही जमिनीला टेकलेल्या. पाइप एक इंची आणि पाऊण इंची, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचे ११७२ सीसीचे साधे इंजिन होते, ताकद जेमतेम ४० घोड्यांची. पण सगळी गाडी पाचशे किलोंच्या आसपास. आपली जुनी मारुती ८०० सुद्धा सहाशेच्या पुढे होती. म्हणून दुप्पट ताकदीच्या गाड्या सरळ रस्त्यावर हिला गाठायच्या आणि वळणावर मागे पडायच्या. इंजिन मोठे केले तर फायदा सरळ रस्त्यावर मिळतो. वजन घटवले तर वळताना, थांबताना, चढावर, टायरच्या झिजेत, पेट्रोलमध्ये, सगळीकडे मिळतो. भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळवून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

सेव्हन विकायची पद्धतही न्यारी होती. तयार मोटारीवर इंग्लंडात खरेदीकर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक खोक्यांतून गाडी घरी नेत आणि स्वतः जोडत. जोडणीची माहिती सोबत दिली तर कर लागेल, म्हणून गाडी खोलायची कशी याची माहिती द्यायचे आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची, असा किस्सा सांगतात. कायद्याशी अशी लपाछपी आम्हाला फारशी रुचत नाही, पण एक खरे, की हजारो साध्या माणसांनी आपल्या अंगणात पाने हातात धरून मोटार समजून घेतली. १९७३ मध्ये खरेदीकर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. चॅपमनचे लक्ष तोवर महागड्या गाड्यांकडे गेले होते. सेव्हनचे हक्क कॅटरहॅम गावच्या एका विक्रेत्याने घेतले. शेवटी-शेवटी लोटसने सेव्हनला फायबरची नवी बॉडी दिली होती, ती लोकांना पटली नव्हती. कॅटरहॅमवाल्यांनी ती सोडून पुन्हा जुने ॲल्युमिनियमचे रूप धरले आणि ही गाडी आजही बनते. सध्याच्या सर्वात हलक्या नमुन्यात सुझुकीचे ६६० सीसीचे इंजिन असते आणि वजन ४४० किलो. हॉलंड, दक्षिण आफ्रिका अशा कितीतरी देशांत तिच्या वळणाच्या गाड्या निघाल्या.

आणि महाराष्ट्रातही निघाली. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स नावाचा छोटा कारखाना या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. काढणारे गृहस्थ मूळचे जर्मनीचे. त्यांनी सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनवली. बॉडी फायबरची. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पत्रा किती दिवस टिकणार? इंजिन मात्र ओळखीचे, आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये येई ते १.८ लिटरचे इसुझू. जे इंजिन हजार किलोंवरची पोटभरू ॲम्बॅसेडर ओढायचे, तेच एका हलक्या गाडीत घातले तर काय होईल याचा विचार करा. भाच्याचे डोळे इथे चमकले. अलिबाग म्हणजे त्याच्या हाकेच्या अंतरावर. इंग्लंडची गोष्ट ऐकताना तो पाहुण्यासारखा बसला होता, आता पुढे सरकून बसला.

इथेच आम्ही त्याला गोष्टीची दुसरी बाजू सांगितली.

चॅपमन शर्यतीच्या मोठ्या मैदानात उतरला आणि लोटसने फॉर्म्युला वनचे कंपन्यांसाठीचे जगज्जेतेपद सात वेळा जिंकले. पण वजन घटवण्याची हाव हिशेबाच्या पुढे गेली. १९६० साली बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर या दुसऱ्या चालकाच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. त्याने कंपनीवर दावा लावला आणि जिंकला. योखेन रिंट हा ऑस्ट्रियाचा नामांकित चालक. त्याने १९६९ मध्ये चॅपमनला पत्रच लिहिले होते. त्याचा आशय असा की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमजोर भागांवर थोडे वजन वाढवले तरी आपण जिंकू, तेवढे करा. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मॉन्झाच्या सरावात ब्रेकचा दांडा तुटून त्याची लोटस कठड्यावर आदळली. आग लागली तर पटकन बाहेर पडता यावे म्हणून तो पट्ट्याचा खालचा भाग लावत नसे. धडकेत तो खाली घसरला आणि वरचा पट्टाच त्याच्या जिवावर उठला. वय २८. त्या वर्षीचे विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. चषक त्याच्या विधवेच्या हाती दिला गेला.

भाचा गप्प झाला. काढलेल्या आरशांकडे त्याची नजर गेली असे आम्हाला वाटले, कदाचित आमच्याच मनाचा खेळ असेल.

हलके करणे म्हणजे काढून टाकणे नव्हे, हे आम्हाला त्याला सांगायचे होते. कॅलथ्रॉपने वाघिणीचा पत्रा पातळ केला, पण चाके वाढवली. चॅपमनने पिंजऱ्यात जाड दांडे काढले, पण तिरपे पाइप घातले. प्रत्येक काढलेल्या किलोच्या जागी हिशेब ठेवला. जिथे हिशेब न ठेवता काढले तिथे माणूस गेला. मडगार्ड काढल्याने मागच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत चिखल उडतो. साडीगार्ड काढल्याने मागे बसलेल्या अम्मीची ओढणी चाकात जाते. आरसा काढल्याने मागून येणारा ऊसाचा ट्रॅक्टर दिसत नाही. या पावणेपाच किलोंत इंजिनाचे ओझे एकही नव्हते, सगळे दुसऱ्यांच्या जिवाचे होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, ते काही पोरांना छळायला लिहिलेले नाही. आणि कायद्याचे सोडा, जीव ही आपल्याकडे अमानत आहे असे आपण उठता-बसता म्हणतो. ती अमानत चालवताना हेल्मेट टाकीवर ठेवून कशी चालेल?

अमानतीवरून चॅपमनच्या शेवटाची आठवण येते. १९८२ च्या डिसेंबरात, ५४ व्या वर्षी, तो हृदयविकाराने अचानक गेला. नंतर उघड झाले की डीलोरियन मोटारीसाठी ब्रिटिश सरकारने दिलेल्या पैशांतला मोठा वाटा परस्पर वळवला गेला होता. १९९२ मध्ये लोटसचे हिशेब पाहणारा फ्रेड बुशेल तुरुंगात गेला, आणि चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षे दिली असती असे न्यायाधीशांनी बोलून दाखवले. एवढा हुशार माणूस, पिंजऱ्यातल्या प्रत्येक पाइपाचा भार ज्याला तोंडपाठ, त्याला दुसऱ्याच्या पैशाचा भार कळला नाही.

आमच्या बार्शीच्या कॅलथ्रॉपची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने गेली. त्याचा स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून मेला. रेल्वेचा हा इंजिनिअर मग पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' म्हणजे रक्षणकर्ता फरिश्ता असे नाव देऊन त्याने विमानातून उडी मारता येईल असे पॅराशूट तयार केले, पैसा आणि वर्षे त्यात घातली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ते काही सरसकट मिळाले नाही. वजनाची आणि जागेची सबब होती, आणि वरिष्ठांची मनेही तयार नव्हती. ज्याने आयुष्यभर वजन कमी केले त्यानेच विमानात थोडे वजन वाढवा म्हणून आर्जवे केली. आम्हाला तो माणूस यासाठी जास्त आवडतो.

आता थोडे आपल्याबद्दल. भाच्यासारख्या पोराचा हात सरळ आहे. वेल्ड मारतो तर शिवण एकसारखी येते. त्याच वयाची इंजिनिअरिंग कॉलेजातली मुले इंदूरजवळ पिथमपूरला 'बाहा' स्पर्धेत स्वतः बनवलेल्या एकआसनी गाड्या घेऊन जातात. त्यांनाही पाइप वाकवावा लागतो, पिंजरा वेल्ड करावा लागतो, आणि चालकाच्या डोक्यावरचा पिंजरा नियमात बसला नाही तर गाडी मैदानात उतरूच देत नाहीत. त्यांच्याकडे हिशेब असतो, हात शिकायचा असतो. आपल्या पोरांकडे हात असतो, हिशेब राहून जातो. दहावीनंतर 'दुकान आहेच की' म्हणून शिक्षण थांबवणारे आईबाप आपल्यात थोडे नाहीत, आणि आमची बहीणही त्यातलीच होऊ पाहत होती. कॅलथ्रॉप कारखान्यात उमेदवारी करून इंजिनिअर झाला आणि चॅपमन कॉलेज करून तबेल्यात वेल्डिंग करवून घेत बसला. दुकान आणि डिप्लोमा यांत भांडण कोणी लावले कुणास ठाऊक. मुलींनाही हे लागू आहे. त्याची धाकटी बहीण दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती आणि तिरप्या पट्टीचा मुद्दा तिला आधी कळला होता.

ईदनंतरच्या जुम्याला आम्ही पुन्हा गेलो. दुकानात दोन सांगाडे करून ठेवले होते, उरलेल्या सहा मिलिमीटरच्या सळईचे, गुडघ्याइतके उंच. एकात नुसते चौकोन, दुसऱ्यात प्रत्येक चौकोनाला तिरपी सळई. पहिल्यावर ज्वारीचा पन्नास किलोचा कट्टा ठेवला, तो जरा डुलला आणि सांगाडा सावकाश आडवा झाला. दुसऱ्यावर एक कट्टा ठेवला, दुसरा ठेवला, तिसऱ्याला पोराच्या वडिलांनी हात दिला. सांगाडा उभा होता. धाकटीने वजनकाट्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवला होता. तिरप्या सळयांमुळे दुसऱ्याचे वजन पाऊण किलो जास्त भरले होते. पोराने विचारले, 'मामू, सेव्हनचा पाइप कोणत्या गेजचा?' अठरा गेजचा, असे आम्ही सांगितले. 'म्हणजे आपल्या खाटेचाच!' तो म्हणाला.

डिप्लोमाचा अर्ज भरायचे ठरले आहे, पुढचे इन्शाअल्लाह. गाडीला आरसे बसले आहेत, साडीगार्डही बसला आहे. मडगार्ड अजून दुकानाच्या माळ्यावर आहे.